व्येलिच्का: मिठावर वसलेलं गाव आणि मिना बोगद्यातलं पाणी

पोलंडच्या दक्षिणेला, क्राकूव्हपासून तेरा-चौदा किलोमीटरवर व्येलिच्का हे वीस-पंचवीस हजार वस्तीचं गाव आहे. चौक, चर्चचे मनोरे, एक छोटा किल्ला, टेकडीच्या उतारावर चढत गेलेली घरं असं त्याचं वरचं रूप. खाली मात्र नऊ पातळ्यांची मिठाची खाण आहे. सर्वांत खोल जागा ३२७ मीटरवर, बोगद्यांची एकूण लांबी सुमारे २४५ किलोमीटर आणि खोदून रिकाम्या झालेल्या दालनांची संख्या दोन हजारांवर. म्हणजे गावातले रस्ते मोजले तर त्यांच्या कितीतरी पट वाटा जमिनीखाली आहेत.

१३ एप्रिल १९९२ रोजी या खाणीच्या चौथ्या पातळीवर, सुमारे १७० मीटर खोलीवर, मिना नावाच्या आडव्या बोगद्यात पाणी फुटलं. नुसतं पाणी आलं असतं तर ते उपसता आलं असतं. पण त्याच्याबरोबर वाळू आणि चिकणमातीचा गाळ येऊ लागला. खाणीत येणारा प्रत्येक घनमीटर गाळ म्हणजे वर कुठेतरी तेवढीच पोकळी. ती पोकळी कुठे आहे हे थोड्याच काळात गावाला दिसलं. बोगद्याच्या वरच्या बाजूची जमीन खचू लागली, रेल्वेचे रूळ वाकडेतिकडे झाले आणि जवळच्या फ्रान्सिस्कन मठाच्या इमारतींना तडे गेले.

हे का घडलं, इथेच का घडलं आणि ते आटोक्यात आणताना कोणत्या अडचणी येतात, हा या प्रकरणाचा विषय आहे. त्यासाठी आधी गावाखालचं मीठ कसं बसलं आहे ते पाहावं लागतं.

मीठ कुठे आहे आणि पाणी कुठे

इथलं मीठ सुमारे १ कोटी ३५ लाख वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं. ते थर म्हणून साचलं, पण थर म्हणून राहिलं नाही. दक्षिणेकडून कार्पेथियन पर्वत उत्तरेकडे सरकत आले आणि त्यांनी हे थर पुढे ढकलले, दुमडले, चेंगरले. त्यामुळे आज साठ्याचे दोन भाग दिसतात. खालच्या भागात थर आहेत, पण घड्या पडलेले. वरच्या भागात थर पार तुटून गेले आहेत आणि खारट चिकणमातीत मिठाचे सुटे खडक अडकून बसले आहेत. काही खडक घराएवढे, काही त्याहून मोठे. मातीच्या अंशामुळे त्यांच्यावर राखाडी-हिरवट झाक असते, म्हणून या मिठाला तिथले लोक 'हिरवं मीठ'च म्हणतात. आपण ज्याला शेंदेलोण म्हणतो त्याच जातीचं हे खनिज मीठ.

वरच्या भागातल्या दालनांचा आकार ओबडधोबड का, याचं उत्तर इथेच आहे. खाणकामगार एक खडक गाठायचे आणि तो संपेपर्यंत खोदायचे. दालन म्हणजे त्या खडकाचा साचा. जगभर प्रसिद्ध झालेलं संत किंगाचं प्रार्थनागृह हा अशाच एका मोठ्या हिरव्या खडकाचा साचा आहे. त्याची जमीन १०१ मीटर खोलीवर, लांबी ५४ मीटर. १८९६ मध्ये त्याचं काम सुरू झालं आणि ते केलं खाणीतल्याच कामगार-शिल्पकारांनी, प्रामुख्याने यूझेफ आणि तोमाश मार्कोव्स्की हे भाऊ आणि अंतोनी विरोदेक यांनी. भिंतीवरची कोरीव चित्रं, वेदी, फरशी असं सगळं मिठातच आहे. कोरायला मीठ तसं सोपं, पण ओलीपुढे ते टिकत नाही, आणि त्या प्रश्नाकडे पुढे यावंच लागतं.

आता पाण्याचं. साठ्याच्या उत्तरेला वाळूचे आणि वाळूमिश्रित खडकांचे थर आहेत आणि त्यांत गोडं पाणी भरलेलं आहे, दाबाखाली. हे पाणी आणि मीठ यांच्यामध्ये फक्त एक आवरण आहे: चिकणमाती आणि जिप्समचं. चिकणमातीतून पाणी जवळजवळ जात नाही, म्हणून मीठ लाखो वर्षं शाबूत राहिलं. निसर्गाने केलेली ही लिंपण काही ठिकाणी जाड आहे, काही ठिकाणी फारच पातळ. खाण पूर्व-पश्चिम लांब पसरलेली आणि उत्तर-दक्षिण अरुंद आहे. पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे खोदत गेलं तर बराच काळ मिठातच राहता येतं. उत्तरेकडे खोदलं तर काहीशे मीटरांतच ही लिंपण लागते. व्येलिच्कातल्या दोन्ही मोठ्या जलसंकटांची दिशा उत्तरच होती, हा योगायोग नाही.

गावाची घडण

गावाचं जुनं लॅटिन नाव 'माग्नुम साल', म्हणजे मोठं मीठ. व्येलिच्का हे नावही त्याच अर्थाच्या पोलिश शब्दांतून आलं. खनिज मीठ सापडण्याच्या कितीतरी आधी, नवाश्मयुगापासून, लोक इथल्या झऱ्यांचं खारं पाणी भांड्यांत आटवून मीठ काढत. झरे आटू लागले तसे खड्डे, मग विहिरी खोदल्या गेल्या आणि तेराव्या शतकात त्या विहिरींच्या तळाशी मिठाचा खडक लागला. लोककथा मात्र वेगळं सांगते. हंगेरीची राजकन्या किंगा पोलंडमध्ये सून म्हणून येताना तिने आपली अंगठी हंगेरीतल्या मिठाच्या खाणीत टाकली आणि ती पोलंडमध्ये पहिल्या खोदलेल्या मिठाच्या ढेकळात निघाली. किंगा ही ऐतिहासिक व्यक्ती होती, क्राकूव्हचा ड्यूक बोलेस्वाव्ह पाचवा याची पत्नी. १९९९ मध्ये तिला संतपद मिळालं.

१२९० मध्ये गावाला नगराचे हक्क मिळाले. पुढे कझिमेझ थोरला या राजाने १३६८ मध्ये खाणीचे नियम लिहून काढले. कोणी खोदायचं, कोणी विकायचं, किती विकायचं, सगळं त्यात बांधून दिलं. खाण राजाची, शेजारच्या बोख्न्या गावातल्या खाणीसह एकाच कारभाराखाली. चौदाव्या शतकात राजाच्या तिजोरीतला सुमारे एक तृतीयांश महसूल मिठातून येई. १३६४ मध्ये क्राकूव्हचं विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा प्राध्यापकांच्या पगाराची तरतूद व्येलिच्काच्या मिठावर लावून दिली होती. पोलंडमधल्या विद्येचा इतका मोठा वाटा या गावाच्या पोटातून आला आहे, ही गोष्ट आजही पुरेशी सांगितली जात नाही. कारभाराचं ठाणं म्हणजे गावातला तो छोटा किल्ला. तेराव्या शतकापासून १९४५ पर्यंत मिठाचा कारभार तिथूनच चाले.

खाली काम कसं चाले? खडकातून मिठाचे मोठे लंबगोल ओंडके तासून काढत, कारण गोल ओंडका लोटत नेता येतो. लहान तुकडे पिंपांत भरत. वर ओढायला लाकडी रहाट, आधी माणसांनी आणि नंतर घोड्यांनी फिरवलेले. घोडे खाणीतच राहत. शेवटची घोडी बाश्का २००२ मध्ये वर आली. धोका दोन गोष्टींचा: छत आणि मिथेन वायू. वायू साठू नये म्हणून 'पश्चात्तापी' या नावाने ओळखले जाणारे कामगार ओले कपडे घालून, लांब काठीला मशाल बांधून सरपटत पुढे जात आणि छतापाशी साठलेला वायू थोडा असतानाच जाळून टाकत. छताला आधार म्हणून लाकडी ओंडके आडवे-उभे रचून भरभक्कम चौकटी उभ्या करत. खारट कोरड्या हवेत लाकूड कुजत नाही, उलट मीठ शोषून कठीण होतं. म्हणून कित्येक जुन्या चौकटी आजही भार पेलत उभ्या आहेत.

१७७२ मध्ये शेजारच्या राज्यांनी पोलंडची पहिली फाळणी केली, त्यात गाव ऑस्ट्रियाकडे गेलं. त्या काळात मोजमाप, नकाशे, यंत्रं आली, १८५७ मध्ये रेल्वे आली. डॉक्टर फेलिक्स बोच्कोव्स्की यांनी १८३९ मध्ये इथे मिठवणीने स्नान करण्याची उपचारपद्धती सुरू केली. दुसऱ्या महायुद्धाची आठवण कडवट आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये इथल्या आणि आसपासच्या ज्यू लोकांना एकत्र करून बेल्झेत्सच्या संहारछावणीकडे पाठवण्यात आलं. १९४४ मध्ये जर्मनांनी खाणीतच विमानांच्या सुट्या भागांचा कारखाना मांडायला घेतला आणि त्या कामाला ज्यू कैदी जुंपले.

पहिली चूक: १८६८

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जर्मनीतल्या श्टासफुर्ट इथे पोटॅशची क्षारं सापडली आणि ती खत म्हणून सोन्याच्या भावाने विकली जाऊ लागली. व्येलिच्कातही असतील या आशेने क्लोस्की नावाचा बोगदा उत्तरेकडे काढण्यात आला. नोव्हेंबर १८६८ मध्ये तो लिंपण फोडून पाण्याच्या थरात शिरला.

त्या वेळचे उपसापंप कमी ताकदीचे होते. बोगदा बुजवण्याचे पहिले प्रयत्न फसले, कारण पाणी अडवलं की दाब वाढायचा आणि ते बाजूच्या मऊ मातीतून वाट काढायचं. खाणीचा खालचा भाग पाण्याखाली गेला. गाव खचून नाहीसं होणार अशा बातम्या युरोपभर छापून आल्या. जास्त ताकदीची यंत्रं बसवून पाणी हटवायला पुढची बरीच वर्षं गेली. पोटॅश काही मिळालं नाही.

इथे एक तांत्रिक मुद्दा नीट लक्षात ठेवायला हवा. गोडं पाणी आणि संपृक्त मिठवणी या खाणीच्या दृष्टीने दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एक घनमीटर गोडं पाणी साधारण ३५५ ते ३६० किलो मीठ विरघळवतं. मिठाची घनता घनमीटरला २.१६ टन. म्हणजे सहा घनमीटर गोडं पाणी आत आलं की एक घनमीटर खडक नाहीसा होतो. मिनिटाला १०० लिटर हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण दिवसाला तो १४४ घनमीटर होतो, आणि हे पाणी पूर्ण गोडं असेल तर ते रोज ५० टनांवर मीठ, म्हणजे जवळपास २४ घनमीटर खडक खाऊ शकतं. एका खोलीएवढी नवी पोकळी, दर दोन-तीन दिवसांनी. उलट, आधीच संपृक्त झालेली मिठवणी झिरपत असेल तर तिला आणखी मीठ घेता येत नाही. ती उपसावी लागते, पण ती खडक खात नाही.

म्हणून मिठाच्या खाणीत पाझर दिसला की पहिला प्रश्न 'किती' हा नसतो. 'किती खारट' आणि 'किती गढूळ' हे आधी पाहायचं असतं. प्रत्येक पाझराला क्रमांक देऊन त्याचा प्रवाह, घनता आणि गाळ ठरावीक दिवसांनी नोंदवायचे. संपृक्त मिठवणीची घनता लिटरला सुमारे १.२ किलो. ती हळूहळू उतरू लागली तर गोड्या पाण्याला नवी, जवळची वाट सापडली असा अर्थ होतो, मग प्रवाह वाढलेला नसला तरी. आणि स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झालं तर पाझराच्या मागचा थर वाहून येऊ लागला आहे. ही दुसरी खूण सर्वांत वाईट.

मिना: १९९२

मिना हाही उत्तर सीमेकडे जाणारा बोगदा. क्लोस्कीनंतर सव्वाशे वर्षांनी त्याच बाजूला तोच प्रकार घडला. फरक इतकाच की या वेळी सुरुवातीपासून गाळ मोठ्या प्रमाणात आला. आत आलेला गाळ बोगदे तुंबवत होता आणि वर जमीन बसत होती. म्हणजे एकाच वेळी दोन आघाड्या: खाली पाणी, वर गाव.

अशा प्रसंगी सहज सुचणारा उपाय म्हणजे बोगद्याचं तोंड काँक्रीटने ताबडतोब बंद करणं. तो का चालत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे.

पहिलं कारण दाबाचं. १७० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ दर चौरस मीटरवर १७० टनांचा भार टाकतो. अडीच मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच बोगद्यात घातलेल्या बांधावर, पूर्ण दाब चढला तर, हजार टनांहून जास्त जोर येतो. नुसतं काँक्रीट भरून हा जोर पेलत नाही. भोवतालच्या खडकात खाचा काढून बांध त्यात रुतवावा लागतो आणि तो खडक मजबूत व अभेद्य असावा लागतो. लिंपण फुटली त्या जागेजवळ नेमका असा खडक नसतो. बांध मागे, चांगल्या खडकात घ्यावा लागतो. म्हणजे बांधाच्या पुढचा बोगद्याचा तुकडा पाण्याला सोडून द्यावा लागतो.

दुसरं कारण वाटांचं. सातशे वर्षं खोदलेली खाण म्हणजे मधमाश्यांचं पोळं. एक तोंड बंद केलं की दाब वाढतो आणि पाणी जुन्या, विसरलेल्या, कधीकधी नकाशावर नसलेल्या वाटेने दुसऱ्या दालनात उतरतं. १८६८ मध्ये हेच झालं होतं.

तिसरं कारण सिमेंटचं. साध्या पाण्यात कालवलेलं सिमेंट मिठाच्या भिंतीला लागलं की त्यातलं पाणी भिंतीचं मीठ विरघळवतं आणि बांध व भिंत यांच्यात बारीक फट राहते. त्या फटीतून गोडं पाणी शिरलं की ती दिवसागणिक रुंदावते. म्हणून मिठाला टेकणारं सिमेंट संपृक्त मिठवणीतच कालवतात, किंवा मॅग्नेशियमयुक्त विशेष बंधक वापरतात. ते घट्ट झालं की सांध्यात नळ्यांनी दाबाखाली पुन्हा मिश्रण भरतात.

त्यामुळे कामाचा क्रम साधारण असा ठेवावा लागतो. आधी पाणी वाहू द्यायचं, पण गाळ अडवायचा: खडी, जाळी, लाकूड यांचा गाळणीसारखा बांध घालायचा, ज्यातून पाणी जातं आणि वाळू मागे राहते. गाळ थांबला की वरची पोकळी वाढायची थांबते. या टप्प्यावर घाई केली तर गाव धोक्यात येतं. मग पाणी नळांतून किंवा बंद पन्हाळीतून न्यायचं, जेणेकरून ते वाटेत मिठाला कमीत कमी शिवेल. त्यानंतर मागच्या बाजूला, चांगल्या खडकात, मुख्य अभेद्य बांध. त्यातून आरपार पोलादी नळ, त्यावर झडप आणि दाबमापक. बांध पक्का झाला की झडप एकदम बंद करायची नाही. थोडी फिरवायची, दाब चढू द्यायचा, शेजारच्या सगळ्या दालनांत कुठे नवी ओल दिसते का ते पाहायचं, काही दिवस थांबायचं आणि मग पुढचा फेरा. कुठे ओल दिसली तर झडप पुन्हा सैल. दरम्यान बांधामागची फुटलेली जागा आणि वरच्या पोकळ्या वेधनछिद्रांतून मिश्रण सोडून भरत जायच्या.

मिनामध्येही बांध आणि दाबाखाली मिश्रण भरणं या दोन्हींच्या जोरावर काम चाललं, आणि ते काही आठवड्यांचं नव्हतं, वर्षांचं होतं. वर मठाच्या परिसरात आणि रुळांलगत जमिनीची उंची सतत मोजावी लागली. इमारतीला तडा गेला की सगळ्यांचं लक्ष तड्याकडे जातं. पण तडा बुजवून काही साधत नाही. पोकळी भरून जमीन बसायची थांबल्याशिवाय केलेली डागडुजी पुन्हा फाटते.

खाण बंद केली, पण सोडली नाही

सुरुंग लावून, फोडून खनिज मीठ काढणं १९६४ मध्येच थांबलं होतं. त्यानंतर खालच्या पातळ्यांवर मुद्दाम पाणी खेळवून मीठ विरघळवायचं आणि मिठवणी वर आणायची, अशी पद्धत होती. ती स्वस्त होती, पण तिने मोठमोठ्या, हव्या त्या आकारात न थांबणाऱ्या पोकळ्या केल्या. मिनाच्या संकटानंतर या धंद्याचं समर्थन करणं कठीण झालं. १९९६ मध्ये मीठ काढणं पूर्णपणे बंद झालं.

पण इथे खरी निकड सुरू होते. सोडून दिलेली खाण हळूहळू भरते, पाणी पातळ्या चढत वर येतं, खांब विरघळतात आणि गाव बसतं. म्हणून खाण 'बंद' होण्याचा अर्थ इथे असा: जे राखायचं ते राखायचं, बाकीचं भरून टाकायचं. वरच्या पातळ्या आणि ऐतिहासिक दालनं राखायची, खालच्या पातळ्यांवरच्या पोकळ्या वाळूने भरायच्या. वाळू खाली न्यायला ती द्रवात मिसळून नळांतून सोडतात, आणि तो द्रव गोडं पाणी असून चालत नाही. संपृक्त मिठवणीच लागते. वाळू खाली बसते, मिठवणी गोळा करून पुन्हा वापरली जाते. गोड्या पाण्याने भरणं केलं असतं तर ज्या भिंतींना आधार द्यायचा त्याच भिंती विरघळल्या असत्या. खाणीत आजही शेकडो कामगार आहेत. ते मीठ खोदत नाहीत. आधार बदलतात, पोकळ्या भरतात, पाझर मोजतात.

हवेतलं पाणी

पाण्याचा दुसरा हल्ला अदृश्य होता. सप्टेंबर १९७८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळांची पहिली यादी केली. त्या बारा नावांत व्येलिच्काची खाण होती. १९८९ मध्ये तीच खाण संकटग्रस्त स्थळांच्या यादीत गेली. मिठाची शिल्पं ओलीने झिजत होती, चेहऱ्यांवरची धार जात होती. याचं मूळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या कृत्रिम वायुवीजनात होतं.

गणित सोपं आहे. खाणीतलं तापमान वर्षभर १४-१५ अंशांच्या आसपास. उन्हाळ्यात बाहेरची हवा २८ अंशांची आणि तिची सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल तर तिच्या एका घनमीटरमध्ये सुमारे १६ ग्रॅम वाफ असते. १५ अंशांना हवा जास्तीत जास्त १३ ग्रॅमच्या आत वाफ धरू शकते. उरलेली भिंतीवर दव होऊन बसते. पण मीठ दव पडण्याचीही वाट पाहत नाही. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतली ओल ओढून घ्यायला लागतं; पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते तेच. १५ अंशांना ही मर्यादा घनमीटरला साडेनऊ ग्रॅमच्या आसपास येते. म्हणजे आत घेतलेल्या उन्हाळी हवेच्या प्रत्येक घनमीटरने सहा-सात ग्रॅम पाणी मिठाला दिलं. कामगार जिवंत राहावेत म्हणून आत सोडलेली हवा शिल्पं खात होती.

त्यात पर्यटकांची भर. चालणारा माणूस श्वास आणि घामातून तासाला साधारण शंभर ग्रॅम वाफ सोडतो. दिवसाला पाच हजार माणसं दोन-दोन तास फिरली तर एक टन पाणी. २०१९ मध्ये इथे अठरा लाखांवर लोक आले, म्हणजे पाच हजार हा रोजचा सरासरी आकडाच झाला.

उपाय म्हणजे हवा आत सोडण्याआधीच कोरडी करणं. तिला आधी थंड करून वाफेचं पाणी काढून टाकायचं, मग हवं त्या तापमानाला आणून खाली सोडायची. पोलंडने आंतरराष्ट्रीय साहाय्याने आर्द्रता काढणारी यंत्रणा उभी केली आणि १९९८ मध्ये खाण संकटग्रस्त यादीतून बाहेर आली. २०१३ मध्ये जागतिक वारशाच्या याच नोंदीत बोख्न्याची खाण आणि गावातला मिठाचा किल्लाही जोडले गेले. हे योग्यच झालं, कारण किल्ल्याशिवाय खाण म्हणजे कारभाराशिवाय तिजोरी.

गावात जाणाऱ्यासाठी

क्राकूव्हहून लोकल गाडी थेट खाणीजवळच्या स्थानकात येते. मुख्य प्रवेश दानिलोविच विहिरीतून. ही उभी विहीर १६३५ ते १६४० या काळात खोदली. उतरायला लाकडी जिना, ६४ मीटरवरच्या पहिल्या पातळीपर्यंत ३८० पायऱ्या, आणि पुढे वाट १३५ मीटरपर्यंत खाली जाते. वर येताना पाळणा मिळतो. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. उन्हाळ्यातही अंगावर गरम काहीतरी हवं. प्रार्थनागृहात सगळे वर झुंबरांकडे पाहतात. त्यांनी एकदा खाली फरशीकडेही पाहावं. ती फरशांनी बांधलेली नाही, मूळ मिठाचा खडक आहे आणि फरशांचे सांधे त्यात कोरलेले आहेत. मिहाव्होवित्से दालनातल्या उंच लाकडी आधाराच्या चौकटींपाशी मुद्दाम थांबावं, कारण छत कसं पेललं जातं हे तिथे उघड दिसतं. खाणीतच दम्याच्या रुग्णांसाठी उपचारदालन आहे. डॉक्टर म्येचिस्वाव्ह स्कुलिमोव्स्की यांनी १९५० च्या दशकाअखेरीस या कामाची सुरुवात केली. बहुतेक लोक खाण पाहून परत फिरतात आणि किल्ला राहूनच जातो. मिठाचं वजन कसं होई, कोण किती नेई, पैसा कुठे जाई, हे समजायचं तर किल्ल्यातलं संग्रहालय पाहायला हवं.

रोजचा पाझर

सगळे पाझर बंद करता येत नाहीत आणि करूही नयेत. संपृक्त मिठवणी ठिबकत असेल तर तिला नीट वाट देणं हे दाब साठू देण्यापेक्षा सुरक्षित. म्हणून खाणीत प्रत्येक पाझराचं पाणी पन्हाळींतून टाक्यांत आणि तिथून पंपाने वर येतं. ते नदीत सोडता येत नाही. लिटरला तीनशे ग्रॅमच्या आसपास मीठ असलेलं पाणी ओढ्यात गेलं तर त्यातले मासे आणि काठची शेतं दोन्ही जातात. म्हणून ते गावातच आटवलं जातं, पाषाणयुगातली माणसं झऱ्याचं पाणी आटवत तसंच, फक्त आता मातीच्या भांड्यांऐवजी बंद पोलादी बाष्पीभवन यंत्रांत. खाणीच्या दुकानात व्येलिच्काचं मीठ म्हणून जी पुडी मिळते, तिच्यातलं मीठ कोणी खोदलेलं नसतं. ते पाझरांच्या पाण्यातलं असतं, आणि पाझर सुट्टी घेत नसल्यामुळे पंप वर्षभर रात्रंदिवस चालू ठेवावे लागतात.